गच्चीवरच्या टिटवीचा जबाबदार इसम

वसंत ऋतूचा आनंद घ्यायचा असं मी ठरवलं, तेव्हा मला त्रेपन्नावं वर्ष लागलं होतं. आधीचे बावन्न वसंत येऊन गेले असणारच, पण ते येतात त्याच दिवसांत आमच्या ऑफिसात कामाचा डोंगर असतो, त्यामुळे आमची गाठ पडली नव्हती. मी विमा कंपनीत दावे तपासतो. कोणाची गाडी खरंच खांबावर आदळली आणि कोणी ती मुद्दाम नेऊन टेकवली, हे ओळखण्यात माझा दिवस जातो. या कामात माणसाची नजर तीक्ष्ण होते, असं मी समजत होतो. एका सकाळी बायको म्हणाली, "अहो, जरा बघा तरी. झाडाला काय सुरेख पालवी फुटलीय!"

"कुठल्या झाडाला?"

"आपल्या खिडकीसमोरच्या."

मी पाहिलं. खरंच झाड होतं. चांगलं तीन मजले उंच.

"हे कधी लावलं?" मी विचारलं.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली की काही उत्तरं बोलावी लागत नाहीत. बायको पोळपाट धुवायला लागली, पण इतक्या जोरात की माझ्या मनाला लागलं. त्याच क्षणी मी निश्चय केला. रोज सकाळी अर्धा तास गच्चीवर बसायचं. हातात चहाचा कप, समोर आकाश. पेपर नाही, फोन नाही. फक्त निसर्ग.

यात अवघड काय आहे, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण गच्चीची किल्ली असते आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरींकडून किल्ली मिळवणं म्हणजे दुसऱ्याच्या दातांतून दाणा काढणं.

"किल्ली कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"बसायला."

"बसायला म्हणजे नक्की काय करायला?"

"काहीच नाही करायला. नुसतं बसायला."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी रोज लोकांच्या दाव्यांकडे टाकतो. "काही न करता माणूस गच्चीवर कशाला जाईल?" असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी वही काढली. वहीत माझं नाव, वेळ, कारण आणि सोबतच्या सामानात 'वेताची खुर्ची एक, खासगी' अशी नोंद झाली. कारणाच्या रकान्यात त्यांनी बराच विचार करून 'हवा' असं लिहिलं.

तीन सकाळी अगदी दृष्ट लागण्यासारख्या गेल्या. झुळूक होती, ऊन कोवळं होतं, आणि खाली लोक कामाला पळताना पाहून चहाला एक वेगळीच चव येत होती. तिसऱ्या दिवशी मी बायकोला म्हणालो, "निसर्गाशी आपलं नातंच तुटलंय गं." ती म्हणाली, "कप वर ठेवून आलात."

मग ऑफिसच्या कामाने आठवडाभर खंड पडला. त्यानंतर मी पुन्हा दार उघडलं आणि खुर्चीकडे निघालो. आमच्या गच्चीवर गळती थांबवायच्या कामाची उरलेली खडी एका कोपऱ्यात पसरून पडली आहे. माझी खुर्ची तिच्या कडेलाच होती. अजून चार पावलं राहिली असतील, तोच कानाजवळून काहीतरी सण्णकन गेलं, आणि पाठोपाठ अशी किंकाळी की हातातला चहा सदऱ्यावर आला. मी वर पाहिलं. लांब पिवळे पाय, काळं डोकं, डोळ्यांपुढे लालभडक मांसल पट्टा. एक पक्षी हवेत वळून सरळ माझ्या टकलाचा नेम धरून येत होता. दुसरा त्याच्या मागे रांगेत होता.

मी जिन्याच्या चौदा पायऱ्या उतरलो की पडलो, याबद्दल दुमत आहे. मी उतरलो. बायकोचं मत वेगळं आहे, कारण तिने मला शेवटच्या पायरीवर पाहिलं.

पहिल्या मजल्यावर कॅप्टन राहतात. ते जहाजावर होते हे खरं, पण तिथे ते भांडारात काम करत. कॅप्टन हे नाव त्यांना त्यांच्या दुर्बिणीमुळे पडलं. आवाज ऐकून ते दुर्बीण घेऊनच वर आले, दाराच्या फटीतून पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "टिटवी. जोडी आहे. आणि अंडी चार. तुमच्या खुर्चीपासून दोन हातांवर, खडीत."

"घरटं?"

"घरटं कसलं! टिटवी घरटं बांधत नाही. जमिनीवर चार खडे सरकवले की झालं."

हे ऐकून मला पहिल्यांदा राग आला. जगातला प्रत्येक पक्षी काडी काडी जमवतो, घाम गाळतो, आणि ही बया काही न करता दुसऱ्याच्या खुर्चीजवळ येऊन बसते! वर मलाच हाकलते!

संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी पसरली आणि सल्ले यायला लागले. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "एवढं काय त्यात, सुपात घ्या आणि खाली ठेवून या." मी म्हटलं, तुम्ही या सोबत. त्या म्हणाल्या, माझे गुडघे. सेक्रेटरी म्हणाले की वहीतल्या नोंदीनुसार पंपवाल्याशिवाय गच्चीवर जाणारे तुम्ही एकटेच, तेव्हा पक्षी तुमच्यामुळेच आला असं मानायला जागा आहे. माझा मेहुणा फोनवर म्हणाला, "भावोजी, तिच्या डोळ्याला डोळा देऊन ठाम उभं राहायचं. पक्ष्याला भीती कळते." हा मेहुणा स्वतः पालीला घाबरून एकदा हॉटेलच्या खोलीबाहेर झोपला होता. बायको फक्त एवढंच म्हणाली, "पहिलं बाळंतपण दिसतंय बिचारीचं."

"तुला काय माहीत, पहिलं?"

"जागा कशी निवडली बघा ना. अनुभव असता तर तुमच्या शेजारी घातली असती का?"

इथवर प्रकरण माझ्या खासगी दुःखाचं होतं. दुसऱ्या दिवशी ते सार्वजनिक झालं. आमच्या पाण्याच्या टाकीची चावी गच्चीवर आहे. ती रोज सकाळी सहाला उघडायची आणि सातला बंद करायची, हे काम पंपवाल्याचं. तो बारा वर्षं हे काम करतोय. तोवर टिटवीने त्याला जाऊ दिलं होतं; त्या सकाळी तो वर गेला आणि पाच मिनिटांनी खाली आला तो एका चपलेनिशी.

"साहेब," तो सेक्रेटरींना म्हणाला, "मी पाण्याचा माणूस. पक्ष्यांचं काही बोलणं झालं नव्हतं." आणि शांतपणे निघून गेला.

त्या सकाळी अठ्ठावीस बिऱ्हाडांच्या नळांनी नुसते सुस्कारे सोडले. साडेसातला माझ्या दारात अर्धी इमारत उभी होती, कोणाच्या तोंडाला साबण, कोणाच्या हातात रिकामी बादली. जणू मीच अंडी घातली होती.

"रीतसर तक्रार करा," सेक्रेटरी म्हणाले. "लेखी. तुमच्या सहीने."

"माझ्याच का?"

"पहिले बाधित तुम्ही."

बाधित हा शब्द मी रोज शंभर वेळा लिहितो. स्वतःबद्दल ऐकला की तो वेगळा लागतो.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून नगरपालिकेत गेलो. तिथल्या बाईंनी उपद्रवी प्राण्यांची यादी काढली. कुत्री होती, डुकरं होती, उंदीर, घुशी, मधमाश्या आणि भटकी गाढवंसुद्धा होती. टिटवी नव्हती.

"'इतर' मध्ये घाला," मी सुचवलं.

"'इतर' साठी वरून मंजुरी लागते," बाई म्हणाल्या. "आणि पक्षी म्हटलं की वनखातं. तुम्ही तिकडे जा."

वनखात्याच्या कचेरीत एक गृहस्थ माझा अर्ज तीनदा वाचून म्हणाले, "यात जंगल कुठे आहे?"

"जंगल नाही. गच्ची आहे."

"गच्ची आमच्या हद्दीत येत नाही."

"पण पक्षी तुमच्या हद्दीत येतो ना?"

"पक्षी येतो," ते विचारात पडून म्हणाले. "पण तो आत्ता आहे गच्चीवर."

मी दावे तपासणारा माणूस आहे. अशा प्रकारचे युक्तिवाद मी स्वतः लोकांवर वापरून त्यांना घरी पाठवलेलं आहे. त्या क्षणी त्या सगळ्यांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढून गेले. तरी मी चिकाटी सोडली नाही. खुर्चीवर बसून राहिलो. जेवणाच्या सुट्टीची वेळ झाली, त्यांना कुलूप लावायचं होतं आणि मी उठत नव्हतो, तेव्हा त्यांनी नाइलाजाने अर्जावर शिक्का मारला.

दोन दिवस इमारतीने टँकर मागवून काढले, मग वनरक्षक आला. तरुण, उत्साही, खाकी टोपी, काखेत फळी, फळीला कागद. मला वाटलं, सुटलो. तो माझ्यासोबत दारापर्यंत आला, फटीतून पाहिलं आणि हरखून म्हणाला, "वा! छान बसलीय!"

"बसलीय ना? आता उचला."

"उचलायची?" त्याचा चेहरा गंभीर झाला. "साहेब, अंड्यांना हात लावणं गुन्हा आहे. जागा बदलली की ती अंडी सोडते. सत्तावीस-अठ्ठावीस दिवस लागतील. पिल्लं निघाली की ती स्वतःच जातील."

"आणि तोवर?"

"तोवर कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. मांजर, कावळे, लोक." तो कागदावर लिहीत होता. "तक्रारदार आपणच ना? सही करा."

मी सही केली. माणसांनी न वाचता सह्या केल्या म्हणून मी त्यांचे दावे फेटाळतो, आणि मी सही केली. घरी येऊन वाचलं तर त्यात होतं, 'सदर चार अंडी व त्यांतून होणारी पिल्ले यांच्या सुरक्षिततेस तक्रारदार हा जबाबदार इसम राहील.'

ही बातमी सेक्रेटरींना कशी कळली मला माहीत नाही, पण संध्याकाळी फलकावर सूचना लागली. पक्ष्याचे जबाबदार इसम शासनानेच नेमले असल्यामुळे पाण्याची चावी उघडण्याचं कामही तेच पाहतील.

इथून माझ्या आयुष्यातला तो महिना सुरू होतो, ज्याबद्दल बायको पाहुण्यांना सांगते आणि मी उठून आतल्या खोलीत जातो.

रोज सकाळी सहाला मी छत्री उघडून गच्चीवर जायचो. दारापासून चावीपर्यंत एकवीस पावलं. टिटवी उठायची, ओरडायची, आणि नवरा-बायको दोघं दोन दिशांनी माझ्यावर झेपावायची. तिचा नवरा जरा नावापुरता होता. एक चक्कर मारायचा आणि टाकीवर जाऊन उभा राहायचा, आवाज मात्र सगळ्यांत मोठा. मी त्याला दोष देत नाही. बाई मात्र छत्रीवर पाय आपटून जायची. चौथ्या दिवशी छत्रीच्या दोन काड्या मोडल्या. समोरच्या इमारतीतले लोक सहा वाजता खिडक्यांत येऊन उभे राहू लागले. एक आजोबा तर खुर्ची घेऊन बसायचे. वसंतातल्या सकाळचा आनंद घ्यायची कल्पना माझी होती, घेत होते ते.

मेहुण्याचा पुन्हा फोन आला. "भावोजी, शास्त्रीय उपाय सापडला. पक्षी नेहमी मागून हल्ला करतो. टोपीला मागच्या बाजूला दोन मोठे डोळे रंगवा. तिला वाटेल तुम्ही बघताय."

मी हसण्यावारी नेलं, पण बायकोने मनावर घेतलं. तिने माझ्या पांढऱ्या टोपीवर काळ्या-पिवळ्या रंगात दोन डोळे काढले. तिला चित्रकलेची आवड लग्नाआधीपासून आहे आणि संधी कधी मिळाली नव्हती. पापण्यासुद्धा काढल्या. आणि आश्चर्य म्हणजे, उपाय लागू पडला! टिटवी मागून येताना बिचकायची आणि वळून पुढून हल्ला करायची.

पण त्या गडबडीत एका सकाळी चावी बंद करायला उशीर झाला, मी तसाच धावत बस पकडली आणि टोपी डोक्यावरच राहिली. बसमध्ये माझ्या मागच्या सीटवरचं लहान मूल एकसारखं का रडतंय, हे मला कळेना. ऑफिसच्या लिफ्टमध्ये लोक माझ्या मागे उभे राहायचे टाळत होते. साडेअकराला साहेबांनी आत बोलावलं.

"घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांनी फार हळुवार आवाजात विचारलं.

"हो सर."

"नाही, म्हणजे... तुम्ही सकाळपासून फायलींकडे तोंड करून बसलायत आणि तरी माझ्याकडे एकटक बघताय."

मी टोपी काढली. पाहिली. खुलासा करायला तोंड उघडलं, पण 'टिटवी' हा शब्द ऑफिसात उच्चारल्यावर पुढचं वाक्य कुठेच जात नाही. साहेबांनी मला दोन दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं. म्हणजे दोन दिवस दुपारीसुद्धा मी घरी, आणि वर ती.

त्या दोन दिवसांत मात्र मी काहीतरी पाहिलं. ऊन वाढलं होतं. दुपारी दाराच्या फटीतून कावळे आलेत का हे पाहायला गेलो, तर ती अंड्यांवर बसली नव्हती. उभी होती. पंख थोडे पसरून, अंड्यांवर सावली धरून. चोच उघडी, घसा लकलकत होता. मग नवरा आला, तिची जागा घेतली, आणि ती टाकीतून ठिबकणाऱ्या पाण्याच्या थारोळ्यात जाऊन पोट भिजवून परत आली, आणि तो ओलावा अंड्यांवर धरून बसली. हे तिने तासाभरात सहा वेळा केलं. मी तासभर उभा होतो हे मला बायकोने खालून हाक मारल्यावर कळलं.

मी खाली येऊन म्हणालो, "एखादी परात आहे का गं? जुनी?"

बायकोने काही न विचारता परात दिली. मी ती पाण्याने भरून थारोळ्याजवळ ठेवायला गेलो, आणि त्या बाईने माझ्या कानाला असा तडाखा दिला की दोन दिवस मला डाव्या बाजूने काही ऐकू आलं नाही. उपकाराची जाणीव हा गुण टिटवीत नसतो, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

सत्ताविसाव्या दिवशी, सकाळी सहाला, मी छत्री आणि टोपीनिशी गेलो तर खडीत तीन कवचं फुटलेली, आणि कापसाच्या बोळ्याएवढे तीन जीव काडीसारख्या पायांवर पळत होते. चौथं अंडं माझ्यासमोर हललं. मी आनंदाने ओरडणार, तेवढ्यात वनरक्षकाचं वाक्य आठवलं. पिल्लं निघाली की ती स्वतःच जातील. कुठून जातील? आमच्या गच्चीला कमरेएवढा कठडा आहे! आणि कोपऱ्यात पावसाचं पाणी जायचं भोक आहे, ज्याला जाळी बसवायचा ठराव गेल्या तीन बैठकांत एकमताने मंजूर झालाय आणि जाळी अजून बसलेली नाही.

मी फोन लावायला खाली पळालो. खात्यात साडेदहाशिवाय कोणी येत नाही. कॅप्टन, सेक्रेटरी, काकू, सगळ्यांना उठवलं. आम्ही पुठ्ठ्याचं खोकं घेऊन वर आलो तेव्हा चौथं अंडंही फुटलं होतं. दोन पिल्लं कठड्याच्या सावलीत दबून बसली होती, एक खुर्चीखाली. आणि चौथं?

कॅप्टननी दुर्बीण फिरवली. टिटवी आमच्यावर झेपावत नव्हती. ती त्या भोकाशी उभी होती, आत पाहत होती, आणि जे ओरडत होती ते माझ्यावरच्या ओरडण्यासारखं नव्हतं.

मग सेक्रेटरी खाली बसले, भोकाच्या पाइपला कान लावला आणि म्हणाले, "आहे. आवाज येतोय."

आम्ही सगळे खाली धावलो. तो पाइप तळमजल्यावर काकूंच्या मागच्या मोरीजवळ वळतो. काकूंनी तिथे कान लावला आणि ओठांवर बोट ठेवलं. आतून बारीकशी 'टी... टी...' आली. वळणावर वाळकी पानं साठली होती, त्यांवर ते अडकून बसलं असावं.

"पाइप कापावा लागेल," कॅप्टन म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. हा पाइप त्यांनी गेल्या वर्षी स्वतः उभं राहून बसवून घेतला होता. रंगही स्वतः निवडला होता. सामाईक मालमत्तेला धक्का लावायला सर्वसाधारण सभा लागते, हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मी स्पष्ट पाहिलं. ते त्यांनी गिळलं.

"करवत आणा," ते म्हणाले.

करवत होती पंपवाल्याकडे. तो रस्त्यापलीकडे राहतो. मी दार ठोठावल्यावर त्याने माझी टोपी पाहून आधी दार लावून घेतलं. मग सगळं ऐकलं आणि बनियनवरच निघाला. त्याने वळणाच्या वर, बोटभर बोटभर अंतर मोजत, अशा हलक्या हाताने पाइप कापला की भुसासुद्धा आत पडू दिला नाही. काकूंचा हात सगळ्यांत बारीक. गुडघे दुखतात म्हणणाऱ्या काकू ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या, कोपरापर्यंत हात आत घातला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "सापडलं गं बाई. अगं, काळीज केवढं धडधडतंय!"

पिल्लू खोक्यात गेलं. बाकीची तीन आणायला मी वर गेलो. छत्री न घेता गेलो, कारण दोन्ही हात लागणार होते. त्या दोन मिनिटांबद्दल मी एवढंच सांगेन, की रंगवलेल्या डोळ्यांची टोपी तिने उचलून खाली रस्त्यावर टाकली.

इमारतीच्या मागे शाळेसाठी राखून ठेवलेलं एक मोठं मैदान आहे. शाळा कधी आली नाही, गवत आलं. तिथपर्यंत आमची मिरवणूक निघाली. पुढे मी खोकं घेऊन, मागे बायको, काकू, कॅप्टन, सेक्रेटरी, करवत हातात तशीच धरलेला पंपवाला, आणि वर दोघं आईबाप, किंचाळत, झेपावत. सहा जणांत मारायला तिला एकच डोकं सापडत होतं. माझं. गवताशी पोहोचून मी खोकं आडवं केलं. चार बोळे बाहेर पडले, चार पावलं धावले, आणि दिसेनासे झाले. जमिनीने गिळावं तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षक फळी घेऊन आला. "पिल्लं चार होती ना? दाखवा."

"मैदानात आहेत."

"ते झालं. पण पाहिल्याशिवाय कागद बंद होत नाही. आणि कागद बंद झाला नाही तर आपण जबाबदार."

आम्ही पुन्हा मैदानावर. पुन्हा सगळी वरात, कारण आता इमारतीत कोणाला घरी बसवेना. वनरक्षक गवतात फिरला, टिटवीच्या अगदी जवळून गेला, ती ढिम्म. मी कुंपणाच्या आत एक पाय टाकला आणि ती बाणासारखी उडाली.

वनरक्षकाचा चेहरा उजळला. "साहेब, तुम्ही जरा चाला बरं. ती जिथे जास्त ओरडेल तिथे पिल्लं असणार."

"मी चालू?"

"आपल्यालाच ओळखते ती."

त्रेपन्नाव्या वर्षी, ऑफिसचे कपडे घालून, मी त्या मैदानात इकडून तिकडे चाललो. "डावीकडे!" वनरक्षक ओरडायचा. "आता पुढे! नाही, ती शांत झाली, मागे या!" काकू म्हणत होत्या, "अहो, डोकं झाका." मेहुणा फोनवरून, बायकोच्या हातातल्या फोनवरून, "भावोजी, ठाम!" असं ओरडत होता. शेवटी एका जागी टिटवीने माझ्या डोक्यावर लागोपाठ तीन फेऱ्या मारल्या. "बास! जागा कळली!" वनरक्षक म्हणाला. "आता सगळे मागे या, आणि अजिबात आवाज करू नका."

आम्ही कुंपणाच्या भिंतीआड उकिडवे बसलो. बराच वेळ काही झालं नाही. मग ती चालत आली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, गवतातल्या एका मोकळ्या जागी उभी राहिली आणि एक अगदी हळू, कधी न ऐकलेला आवाज काढला. गवतातून एक बोळा उठला. मग दुसरा. कुठून कुठून ते आले आणि तिच्या पोटाखाली शिरले. तिने अंग फुलवलं, पंख थोडे सैल सोडले, आणि सगळी नाहीशी झाली. तिच्या पोटाखाली नुसते पाय दिसत होते. बारीक, पिवळट, गर्दी करून उभे.

"आता मोजायची कशी?" वनरक्षक कुजबुजला. "पिल्लं तर दिसतच नाहीत."

"पाय मोजा," बायको म्हणाली.

कॅप्टननी दुर्बीण लावली. ओठ हलत होते. मग दुर्बीण सेक्रेटरींना दिली, त्यांनी मोजले. मग काकूंनी. मग माझ्याकडे आली. मी दोनदा मोजले.

"दहा," मी म्हणालो.

"दोन तिचे," वनरक्षकाने लिहिलं. "बाकी आठ. म्हणजे चार." आणि त्याने फळी माझ्यापुढे धरली.

मी या वेळी कागद पूर्ण वाचला. मग सही केली. जबाबदारी संपली होती, ऑफिसची बस निघून गेली होती, कान दुखत होता. सगळे उठायला लागले, आणि सेक्रेटरी नेहमीच्या आवाजात पंपवाल्याला म्हणाले, "चला, आता त्या पाइपचं काय करायचं ते—"

"हळू बोला हो!" मी त्यांच्यावर खेकसलो. "ती आत्ता कुठे बसलीय!"